जुनीं गिरिजाघरें, जुनीं उद्यानें आणि फिल्मचा कॅमेरा : छायाचित्र अस्सल साधन केव्हां ठरतें ?

१. प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांत पत्र, सनद, शिलालेख व नाणें यांस जो मान आहे, तो छायाचित्रास अद्यापि मिळालेला नाहीं. लेखाचें पान भरावें, वाचकाच्या डोळ्यांस थोडा विसावा मिळावा, एवढाच त्याचा उपयोग असें आपण पुष्कळदां समजतों. या समजुतीस छायाचित्रें काढणारे आपण स्वतःच कारण झालों आहोंत. दप्तरांत एखादें पत्र सांपडलें आणि त्यावर मिती नाहीं, लिहिणाराचें नांव नाहीं, कोणास लिहिलें याचा पत्ता नाहीं, तर तें कितीहि सुंदर अक्षरांत असो, त्याच्या आधारानें कोणी निर्णय देत नाहीं. आपलीं बहुतेक छायाचित्रें अशा बिनमितीच्या पत्रांसारखीं आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या पदरींहि हा दोष आहे. कोंकणांतील एका लहान गिरिजाघराचीं बारा चित्रें त्यानें एका जुन्या कॅमेऱ्यानें काढलीं होतीं. पुढें त्या इमारतीची लांकडी पडवी काढून तेथें सिमेंटचा मंडप झाला, आणि जुनी पडवी केव्हांपर्यंत उभी होती व किती लांब होती, असा प्रश्न निघाला. चित्रांत पडवी स्पष्ट दिसत होती. परंतु चित्रें कोणत्या वर्षीं काढलीं याची नोंद नव्हती, कॅमेरा किती अंतरावर होता तें आठवेना, आणि चित्रांत मापाची पट्टी नसल्यामुळें लांबीहि काढतां येईना. साक्षीदार हजर, पण जबानी निरुपयोगी, असा प्रकार झाला. पुढील विवेचन त्या चुकीपासून घेतलेल्या धड्याचें फळ आहे.

उदाहरणें जुन्या गोव्याचीं गिरिजाघरें, वसईचा किल्ला आणि मुंबईचीं दोन उद्यानें यांचीं घेतलीं आहेत. प्रश्न सर्वत्र एकच : छायाचित्र अस्सल साधन केव्हां ठरतें, आणि जुन्या पद्धतीचा फिल्मचा कॅमेरा त्या कामीं आजहि कसा उपयोगीं पडतो ?

२. पडलेल्या भिंतींचे साक्षीदार

जुन्या गोव्यांतील सेंट ऑगस्टीनच्या मठाचा उंच भग्न मनोरा पुष्कळांनीं पाहिला असेल. १८३५ सालीं गोव्यांतील धार्मिक संघ बंद करण्यांत आले तेव्हां हा मठ ओसाड पडला. १८४२ मध्यें गिरिजाघराचें कमानी छत कोसळलें. १९३१ मध्यें दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा निम्मा भाग पडला. म्हणजे छत पडल्यावरहि जवळजवळ नव्वद वर्षें दर्शनी भिंत उभी होती, आणि हा काळ छायाचित्रकलेच्या आयुष्यांत येतो. या कलेची घोषणा १८३९ सालीं पॅरिस येथें झाली. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्यें स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकीं होते. तेव्हां ऑगस्टीनच्या दर्शनी भिंतीचें १९३१ पूर्वींचें एखादें निगेटिव्ह कोणाच्या घरीं पेटींत पडलेलें असेल, तर त्याची योग्यता शिलालेखाच्या ठशाहून कमी नाहीं. मूळ शिळाच राहिली नाहीं. ठसा मात्र राहिला.

दुसरें उदाहरण बॉम जेझूस बासिलिकेचें. तिचा पाया १५९४ सालीं घातला व १६०५ सालीं ती पवित्र करण्यांत आली. आज तिच्या भिंतींचा तांबडा जांभा दगड उघडा दिसतो, आणि येणाराजाणारास वाटतें कीं, बांधणारांच्या मनांत हेंच रूप होतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. जांभ्यावर पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत तो काढून टाकण्यांत आला. जांभा सच्छिद्र असल्यामुळें कोंकणपट्टीच्या पावसांत तो पाणी पितो आणि झिजतो. म्हणून गिलावा पुन्हां करावा असें एका पक्षाचें म्हणणें आहे. पाहणारांची सवय व आजचें परिचित रूप मोडूं नये असें दुसऱ्याचें. या वादांत पूर्वींचीं छायाचित्रें हाच मुख्य पुरावा होय. गिलाव्याचा प्रश्न त्या इमारतीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधतांना आपणांस ज्यांचीं नांवें ठाऊक नाहींत अशा कॅमेरेवाल्यांकडे जावें लागतें.

३. जुनें चित्र कसें वाचावें

पत्राचें अक्षर जसें ओळखावें लागतें, तसें जुनें छायाचित्रहि वाचावें लागतें. त्यांत चार गोष्टी मुख्य आहेत.

पहिली, चित्र उलटें तर नाहीं ना ? काचेचें निगेटिव्ह उलट्या बाजूनें छापलें तर डावें तें उजवें होतें. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचा उत्तरेकडील मनोरा १७७६ सालीं नष्ट झाला. दक्षिणेकडील एकच उरला. दर्शनी बाजू पूर्वेकडे असल्यामुळें समोर उभ्या राहणारास हा मनोरा डाव्या हातास दिसला पाहिजे. एखाद्या जुन्या छापांत तो उजव्या हातास दिसला, तर दुसरा मनोरा सांपडला म्हणून आनंद मानूं नये. छापणाराची चूक समजावी.

दुसरी, काळें तें काळेंच होतें असें नाहीं. १८५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ओल्या कोलोडियनच्या काचा जवळजवळ निळ्या प्रकाशासच ओळखीत. पुढील ऑर्थोक्रोमॅटिक काचांस हिरवाहि दिसूं लागला, परंतु तांबडा नाहीं. जांभा हा लोहयुक्त तांबडा दगड. म्हणून अशा काचेवर तो प्रत्यक्षाहून पुष्कळ काळा उतरतो, आणि शेजारचा चुना अधिक पांढरा. जुन्या चित्रांतील काळी भिंत पाहून ती ओल धरून सडली होती, किंवा आगींत काजळली होती, असें अनुमान करणें धोक्याचें आहे. गिलावा निघालेला साधा जांभाहि तसाच दिसेल.

तिसरी, रिकामी जागा रिकामीच होती असें नाहीं. प्रकाश देण्याचा काळ कांहीं सेकंदांचा असे. तेवढ्या वेळांत चालणारीं माणसें चित्रांत उमटतच नसत, आणि वाऱ्यानें हलणारीं झाडें धुरकट होत. जुन्या गोव्याच्या निर्मनुष्य चौकांवरून ओसाडपणाचें वर्णन करण्यापूर्वीं याचा विचार करावा.

चौथी गोष्ट उपयोगाची आहे. सूर्य खोटें बोलत नाहीं. से कॅथेड्रलच्या पूर्वाभिमुख भिंतीवर ऊन असेल, तर चित्र सकाळचें. बॉम जेझूसची दर्शनी बाजू पश्चिमेकडे, तेव्हां तेथें ऊन असेल, तर दुपारनंतरचें. सावलीच्या दिशेवरून व लांबीवरून तास आणि ऋतु यांचा अदमास करतां येतो. वर्ष मात्र सावली सांगत नाहीं. तें लिहिणारानेंच लिहिलें पाहिजे.

४. ओळंबा आणि पाणसळ

आतां आपण स्वतः चित्र काढूं लागलों म्हणजे पहिली अडचण उंचीची. मनोरा चौकटींत मावत नाहीं म्हणून कॅमेरा वर उचलला कीं उभ्या भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. गवंड्यानें ओळंब्यांत बांधलेली भिंत चित्रांत तिरकी होते, आणि त्या चित्रावरून सहज माप घेतां येत नाहीं. उपाय एकच : फिल्मची पाठ भिंतीशीं समांतर, म्हणजे ओळंब्यांत, ठेवावी. तिपाईवर कॅमेरा ठेवून त्यावर लहानशी पाणसळ धरली, तर हें काम होतें.

येथें जुन्या कॅमेऱ्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांत पाठ सरळ ठेवून पुढील भिंग वर सरकवितां येतें. दोन भिंगांच्या रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांत ही सोय नाहीं. हिशेब करून पाहूं. ऑगस्टीनचा मनोरा सुमारें ४६ मीटर उंच धरला, आणि ७५ मिलिमीटर भिंगाचा, ६ सेंटिमीटर चौरस चित्राचा कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरावर अगदीं सरळ ठेवला, तर मनोऱ्याचें टोंक चौकटींत येण्यास सुमारें १२० मीटर मागें जावें लागतें. चार इंच बाय पांच इंच फिल्मच्या भाता-कॅमेऱ्यांत, फिल्म उभी धरून, १५० मिलिमीटरचें भिंग २५ मिलिमीटर वर सरकविलें, तर सुमारें ८० मीटर पुरतात. जेथें मागें सरकण्यास जागा नाहीं, तेथें समोरच्या इमारतीच्या माडीवरून चित्र घ्यावें, किंवा मनोऱ्याचे भाग निरनिराळे घेऊन तसें लिहून ठेवावें. लहान कॅमेऱ्यांत पुढील जमीन निम्मी चौकट खाते हें खरें. पण ती छापतांना कापतां येते. वांकलेली भिंत सरळ करणें तितकें सोपें नाहीं.

घरोघरच्या साध्या कॅमेऱ्यांसहि तुच्छ लेखूं नये. आग्फा क्लिक-३ सारख्या पेटीवजा कॅमेऱ्याचें भिंग कडांकडे अंधुक होतें. म्हणून महत्त्वाचा भाग मध्यें ठेवावा. दोष ठाऊक असलेला साक्षीदार हा दोष लपविणाऱ्या साक्षीदाराहून बरा.

५. प्रकाश, दगड आणि अंधार

कृष्णधवल फिल्म आजहि मिळते. तांबडा प्रकाश ओळखणारी पॅनक्रोमॅटिक आणि न ओळखणारी ऑर्थोक्रोमॅटिक, अशा दोन्ही जाति तयार होतात. जांभ्याचे चिरे, सांधे व झीज दाखवावयाची असेल, तर पॅनक्रोमॅटिक फिल्म व भिंगापुढें पिवळी किंवा नारिंगी काच वापरावी. दगड उजळतो व निळें आकाश गडद होऊन पांढऱ्या चुन्याची कड स्पष्ट होते. एकाच भिंतीचें ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर दुसरें चित्र घेऊन ठेवल्यास फार उपयोग होतो. जुन्या काचेवर हीच भिंत कशी दिसली असती याची किल्ली त्यांत मिळते, आणि शंभर वर्षांपूर्वींचें चित्र वाचण्यास प्रत्यक्ष तुलना हातीं येते. ही तुलना करण्याची सोय हें आज जुन्या पद्धतीनें काम करण्याचें एक सबळ कारण आहे.

उघड्या उन्हांत १०० गतीच्या फिल्मवर भिंगाचें छिद्र एफ १६ व काळ सेकंदाचा शंभरावा भाग, हा जुना नियम पुरतो. गिरिजाघराच्या आंत मात्र नियम बदलतो. वेदीवरील सोनेरी नक्षी उंच खिडकीच्या प्रकाशांत चमकते, आणि बाजूच्या कोनाड्यांत काळोख असतो. तेथें कित्येक सेकंदांचा काळ द्यावा लागतो, आणि सेकंदापलीकडे गेल्यावर फिल्म हळूहळू मंदावते. हिशेबानें १० सेकंद आले, तर अनेक फिल्मांस सुमारें २० सेकंद द्यावे लागतात. सोनेरी भागासाठीं एक व काळोखासाठीं एक अशीं दोन चित्रें घ्यावीं. झगझगीत कृत्रिम प्रकाश जुन्या रंगकामावर टाकूं नये; शिवाय त्यानें कोरीव कामाची खोली मरते.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिपाईस परवानगी लागते. आणि प्रार्थना चालूं असतां तेथें आपण पाहुणे आहोंत हें विसरूं नये. चर्चच्या फादरांस व जुन्या भाविकांस आधीं भेटावें. वेदी केव्हां हलविली, रंग केव्हां दिला, हें त्यांच्याकडून जें कळतें तें कोणत्याहि फिल्मवर उमटत नाहीं.

६. शिळेवरील अक्षरें

वसईचा किल्ला मे १७३९ मध्यें मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांतील गिरिजाघरांचे अवशेष आपल्या इतिहासाचाच भाग होत. तेथें जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरें आहेत. पायांखालीं झिजून तीं उथळ झालीं आहेत. माथ्यावरच्या उन्हांत त्या शिळेचें चित्र घेतलें, तर अक्षर दिसत नाहीं. सकाळीं लवकर किंवा सूर्य कलतांना तिरपें ऊन शिळेवरून घसरत जातें, तेव्हां प्रत्येक खांच आपली सावली धरते आणि अक्षर वर येतें. ऊन पोंचत नसेल, तर आरशानें किंवा पांढऱ्या पुठ्ठ्यानें बाजूनें फिरवावें. एकदां डावीकडून व एकदां वरून, अशीं दोन चित्रें घ्यावीं; कारण प्रकाशाच्या दिशेनें गेलेली रेघ पहिल्या चित्रांत लपते व दुसऱ्यांत दिसते. मऊ कोरड्या कुंच्यानें धूळ झाडावी, परंतु अक्षरांत खडू भरूं नये. खडू भरणारा आपलें वाचनच शिळेवर लिहितो, आणि मग चित्र शिळेचें न राहतां त्याच्या मताचें होतें.

वसईच्या मोहिमेंतून आलेल्या घंटा महाराष्ट्रांत कांहीं देवळांत टांगलेल्या आहेत. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा प्रसिद्धच आहे. अशा घंटेवरील अक्षरें गोल फिरतात, म्हणून एका चित्रांत मावत नाहींत. अंतर न बदलतां घंटेभोंवतीं फिरून, एकाची कड दुसऱ्यांत यावी अशीं सहा-आठ चित्रें घ्यावीं.

७. उद्यानें : हलणारा व वाढणारा इतिहास

इमारत बदलते ती माणसाच्या हातानें किंवा पडझडीनें. उद्यान दररोज बदलतें. म्हणून उद्यानाचें एक चित्र फारसें बोलत नाहीं. त्याच जागेवरून काढलेलीं दोन चित्रें बोलतात.

मुंबईच्या हॉर्निमन सर्कलचें उदाहरण घ्या. येथें पूर्वीं बाँबे ग्रीन नांवाचें मोकळें मैदान होतें. १८६० नंतरच्या दशकांत त्याच्याभोंवतीं गोलाकार इमारती उठल्या, आणि मधील बाग १८७२ च्या सुमारास पुरी झाली. एलफिन्स्टन सर्कल हें तिचें पहिलें नांव. स्वातंत्र्यानंतर बाँबे क्रॉनिकलचे संपादक हॉर्निमन यांचें नांव तिला मिळालें. पूर्वेस १८३३ सालीं उघडलेला टाउन हॉल, पश्चिमेस १७१८ सालीं उपासनेस खुलें झालेलें सेंट थॉमस कॅथेड्रल, आणि मध्यें वृक्ष. जुन्या चित्रांत मैदानावरून एकदम दिसणारी इमारत आज पानांआड जाते. हें झाकणें किती वर्षांत व कोणत्या बाजूनें झालें, हाच उद्यानाचा इतिहास.

भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. १९६९ मध्यें तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव देण्यांत आलें. तेथील वस्तुसंग्रहालयाजवळ घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ सालीं तो इंग्लंडास नेण्याच्या खटपटींत फुटला, आणि पुढें तुकडे जोडून या बागेंत उभा केला गेला. अशा हत्तीचें चित्र समोरून एकदां घेऊन भागत नाहीं; चारी बाजूंनीं, सांधे दिसतील असें, पट्टी लावून घेतलें पाहिजे. पुढें एखादा सांधा उघडला, तर तुलनेस तें चित्र लागेल.

जुन्या चित्राची मूळ जागा सांपडविण्याची युक्ति सोपी आहे. चित्रांत जवळची एक व दूरची एक अशा दोन वस्तू निवडाव्या, उदाहरणार्थ बागेच्या दरवाजाचा खांब व मागील इमारतीच्या खिडकीची कड. प्रत्यक्ष जागेवर त्यांचा परस्परसंबंध चित्रांतल्यासारखा जुळेपर्यंत डावीउजवीकडे सरकावें. मग दुसरी जोडी घेऊन मागेंपुढें सरकावें. दोन्ही जोड्या जुळल्या कीं आपण जुन्या छायाचित्रकाराच्या पावलांवर उभे आहोंत. झाडें यासाठीं घेऊं नयेत; तीं वाढतात. उद्यानांतहि साक्ष दगडाचीच घ्यावी, आणि बदल मात्र झाडांचा मोजावा.

८. निगेटिव्ह हें अस्सल, छाप ही नक्कल

आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे आणि त्यानें क्षणांत शंभर चित्रें निघतात. त्यांचा तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. नोंद असेल, तर तींहि साधनें आहेत. तरीहि फिल्मचें एक बलस्थान आहे. निगेटिव्ह ही वस्तु आहे. ज्या प्रकाशानें भिंतीस स्पर्श केला, त्यानेंच ती घडविली. ती एकच असते. तिच्यावर खाडाखोड केल्यास बहुधा ओळखूं येते. आणि ती वाचण्यास दिवा व डोळा यांपलीकडे यंत्र लागत नाहीं. छापलेली प्रत ही नक्कल. नक्कल करणारा कडा कापतो, आकाश गडद करतो, डाग पुसतो. म्हणून संग्रहांत निगेटिव्ह ठेवावें, आणि पाहण्यास प्रत द्यावी.

परंतु अस्सल म्हणून तें अमर नाहीं. १९५० च्या सुमारापर्यंत निघालेल्या कित्येक फिल्मा सेल्युलोज नायट्रेटच्या आहेत. त्या लौकर पेट घेतात, म्हणून इतर संग्रहापासून दूर ठेवाव्या. नंतरच्या ॲसिटेट फिल्मा आक्रसतात व त्यांस शिरक्याचा वास येऊं लागतो. असा वास आला कीं त्या फिल्मा वेगळ्या काढून तत्काळ त्यांची प्रत करावी. कोंकणांतील पावसाळ्यांत बुरशी लागते. आम्लरहित कागदाचीं पाकिटें, थंड जागा व शेंकडा ३० ते ५० इतकी हवेंतील आर्द्रता, एवढी व्यवस्था ठेवल्यास चांगलें धुतलेलें निगेटिव्ह माणसाच्या आयुष्याहून पुष्कळ अधिक टिकतें.

९. नोंदीचा नमुना

शेवटीं, ज्यावांचून वरील सर्व श्रम व्यर्थ, ती नोंद. प्रत्येक चित्राबरोबर पुढील गोष्टी त्याच जागीं, त्याच वेळीं, शिसपेन्सिलीनें वहींत लिहाव्या : (१) फिल्मचा व चित्राचा अनुक्रम, (२) स्थळ व इमारतीचा भाग, (३) दिनांक व वेळ, (४) कॅमेरा कोठें उभा होता, भिंतीपासून किती अंतरावर, जमिनीपासून किती उंच, (५) तोंड कोणत्या दिशेस, (६) भिंग, छिद्र, काळ, फिल्मची जात व पुढें लावलेली काच, (७) हवा व प्रकाश, (८) चित्रांत पट्टी असल्यास तिचें माप, (९) काढणाराचें नांव. दोन मिनिटांचें काम आहे. फिल्मवर बाराच चित्रें असल्यामुळें तें जड जात नाहीं; जुन्या कॅमेऱ्याचा मंदपणा येथें गुण ठरतो.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या काचा अथवा फिल्मा पेटींत असतील, त्यांस विनंति कीं, त्या फेंकूं नयेत, पुसूं नयेत. प्रथम घरांतील वृद्धांस विचारून जें आठवेल तें पाकिटावर लिहावें. आठवण कोणाची तेंहि लिहावें, म्हणजे प्रत्यक्ष नोंद आणि मागाहून सांगितलेली हकीकत यांत घोटाळा होणार नाहीं. नंतर एखाद्या संशोधनसंस्थेच्या दप्तरांत त्यांची नोंद करवावी. उद्यां कोणती भिंत पडेल व कोणता वृक्ष तोडला जाईल हें आपणांस सांगतां येत नाहीं. ती पडल्यावर साक्ष देण्यास कोणी उरावें, एवढी तजवीज मात्र आपल्या हातीं आहे.